तंबाखूच्या राज्यात तंबाखूबंद कॅम्पस : केंटकी विद्यापीठात स्मोकर मंडळींनी काय केलं

कॅम्पसवर सिगरेटबंदी आली की स्मोकर लोक काय करतात हे बघायचं असेल तर अमेरिकेतलं केंटकी विद्यापीठ घ्यावं. कारण इथे बंदी फसणार असं छातीठोकपणे सांगायला जेवढी कारणं होती तेवढी दुसऱ्या कॅम्पसवर सापडणं अवघड आहे. राज्य बर्ली तंबाखूचं (सिगरेटमध्ये वापरतात ती तंबाखूची एक जात), विद्यापीठ ज्या शहरात आहे ते लेक्सिंग्टन एकेकाळी बर्लीच्या लिलावाची मोठी पेठ, आजूबाजूच्या शेतांत उंच काळपट लाकडी कोठारं, त्यात तंबाखूची अख्खी झाडं काठीला ओवून आढ्याला उलटी टांगायची आणि नुसत्या वाऱ्यावर वाळवायची. पिढ्यानपिढ्या या पिकावर घरं चालली, पोरं शिकली. विद्यापीठाच्या शेतकी विभागाने तंबाखूच्या जाती काढल्या, त्याच्या रोगांवर काम केलं, आणि सगळ्यात गंमत म्हणजे जगभरातल्या लॅबमध्ये सिगरेटच्या धुराची तपासणी करताना तुलनेला जी प्रमाण सिगरेट लावतात (३आर४एफ आणि नंतर आलेली १आर६एफ) ती केंटकी विद्यापीठच पुरवतं. ओढायला नाही, मशीनला लावायला, पण शेवटी सिगरेटच ना.

त्याच विद्यापीठाने १९ नोव्हेंबर २००९ पासून लेक्सिंग्टनच्या आपल्या सगळ्या आवारात तंबाखू पूर्ण बंद केला. सिगरेट, सिगार, पाइप, चघळायचा तंबाखू, तपकीर, सगळंच. बिल्डिंगच्या आत तर आधीच बंद होतं, आता हिरवळीवर, जिन्यावर, पार्किंगमध्ये, आतल्या रस्त्यांवरही बंद, आणि विद्यार्थी, प्राध्यापक, सफाई कामगार, ठेकेदाराची माणसं, पाहुणे अशा सगळ्यांना लागू. तारीख मुद्दाम निवडलेली होती, नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार म्हणजे अमेरिकन कॅन्सर सोसायटीचा 'ग्रेट अमेरिकन स्मोकआऊट', एक दिवस तरी सोडून बघा म्हणण्याचा दिवस. तेव्हा अध्यक्ष होते ली टॉड, आणि पॉलिसीमागे सगळ्यात जास्त जोर लावलेली व्यक्ती म्हणजे नर्सिंगच्या प्राध्यापक एलन हान, ज्यांचं मुख्य संशोधन तंबाखू धोरणावर आहे. केंटकीत त्या काळात साधारण चार प्रौढांमागे एक जण सिगरेट ओढायचा, देशातल्या सगळ्यात जास्त प्रमाण असलेल्या राज्यांपैकी एक, फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्येही तसंच वरच्या रांगेत. म्हणजे बंदीची गरज पण इथेच जास्त आणि बंदीला चिडणारी माणसंही इथेच जास्त.

जमीन आधीच भुसभुशीत झाली होती

हे एकदम आकाशातून पडलं नव्हतं. २००४ मध्ये लेक्सिंग्टन शहराने हॉटेलं, बार, ऑफिसं अशा बंदिस्त सार्वजनिक जागांत सिगरेट बंद केली, केंटकीतलं असं पहिलं शहर, आणि प्रकरण राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन तिथे कायदा टिकला. त्यानंतर हान आणि त्यांच्या टीमने मोजलं तर फेयेट काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग, लेक्सिंग्टन म्हणजे हीच काउंटी) सिगरेट ओढणाऱ्या प्रौढांचं प्रमाण २५.७ टक्क्यांवरून १७.५ टक्क्यांवर आलेलं दिसलं, आणि दम्याचा ॲटॅक येऊन इमर्जन्सीत येणाऱ्यांचं प्रमाण २२ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कायदा व्हावा म्हणून झटणारे आणि कायद्याचा परिणाम मोजणारे बऱ्याच अंशी तेच लोक होते, त्याने आकडे खोटे ठरत नाहीत पण वाचताना एक डोळा उघडा ठेवावा इतकंच. नंतर २००८ मध्ये विद्यापीठाचा हॉस्पिटलचा भाग तंबाखूमुक्त झाला आणि वर्षभराने बाकीचा कॅम्पस. म्हणजे २००९ च्या त्या गुरुवारी जो स्मोकर हातातली सिगरेट घेऊन खाली मान घालून उभा होता त्याला बारमध्ये ओढता येत नाही याची पाच वर्षं सवय झालेली होती.

तरी प्रश्न उरतोच की पूर्ण बंदीच का, 'दारापासून अमुक फूट लांब ओढा' असा नियम का नाही. तर असे नियम बऱ्याच कॅम्पसवर होते आणि आहेत, आणि त्यांचा एकच प्रॉब्लेम आहे, टेप घेऊन कुणी फिरत नाही. पाऊस असला की माणूस छपराखाली येतो, छप्पर दाराशी असतं, संपलं. अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका सार्वजनिक विद्यापीठात २००७ साली यावर एक सरळ साधा प्रयोग झाला होता. तिथे दारापासून २५ फुटांचा नियम होता आणि बघितलं तर पाळणारे ३३ टक्के. मग त्यांनी ॲशट्रे उचलून लांब नेले, जमिनीवर पट्टा मारला, बोर्ड लावले, बरोबर जागी उभं राहून ओढणाऱ्यांना छोटंसं बक्षीस आणि चुकीच्या जागी असलेल्यांना आठवणीचं कार्ड दिलं. प्रमाण ७४ टक्क्यांवर गेलं. प्रयोग थांबवला आणि नंतर बघितलं तर ५४. मला हा आकडा फार बोलका वाटतो, कारण त्यात दोन्ही गोष्टी आहेत, स्मोकर ऐकतो, आणि कुणी बघणारं नसलं की हळूहळू परत दाराशी येतो. केंटकीवाल्यांनी ही फुटांची भानगडच नको म्हणून सरसकट बंदी केली, पण बघणारं कुणी नसलं तर काय, हा प्रश्न त्यामुळे सुटला नाही, फक्त दारापासून कॅम्पसच्या कडेपर्यंत सरकला.

दंड नाही, पावती नाही

पॉलिसी राबवायची पद्धत त्यांनी तीन शब्दांत बांधली होती, सांगा, उपचार द्या, माणसं तयार करा. नंतर त्यांनी त्यावर लिहिलंही. सांगा म्हणजे बोर्ड, नकाशे, ईमेल, नव्या पोरांच्या ओरिएंटेशनमध्ये उल्लेख. उपचार म्हणजे निकोटीनचे पॅच, च्युइंगम, समुपदेशन सहज मिळेल असं करणं, कारण तलफ बंद न करता फक्त जागा बंद केली तर माणूस दुसरी जागा शोधणार हे त्यांना माहीत होतं. आणि माणसं तयार करा म्हणजे सुपरवायझरपासून विद्यार्थ्यांपर्यंत लोकांना शिकवणं की समोर कुणी ओढताना दिसला तर काय बोलायचं. पोलीस पावत्या फाडणार हा प्रकार नव्हता. विद्यार्थी वारंवार सापडला तर विद्यार्थ्यांच्या आचारसंहितेखाली, कर्मचारी सापडला तर नोकरीच्या शिस्तीच्या नियमाखाली बघायचं.

इथे हक्काचा मुद्दा येतोच. "सिगरेट कायदेशीर आहे, मी सज्ञान आहे, मोकळ्या हवेत उभा आहे, तुम्ही कोण?" केंटकीचा कायदा याबाबत मजेशीर आहे, तिथल्या नागरी हक्क कायद्यात स्मोकर आहे म्हणून नोकरीत भेदभाव करायला मनाई आहे, वंश आणि धर्म यांच्या बरोबरीने चक्क स्मोकर हा शब्द आहे. तंबाखूचं राज्य म्हणतात ते उगाच नाही. पण त्याच कलमात पुढे अट आहे की त्या माणसाने कामाच्या ठिकाणची धूम्रपानाची पॉलिसी पाळली पाहिजे. म्हणजे सिगरेट ओढतोस म्हणून काढता येणार नाही, पण इथे ओढू नकोस असं नक्की सांगता येईल. त्यामुळे वकिली थाटाचा विरोध तिथेच अडकतो.

मग स्मोकर लोकांनी काय केलं

लांबून बघणाऱ्याला वाटतं की बंदीनंतर दोन गट पडतात, मुकाट ऐकणारे आणि भांडणारे. भांडणारे फार थोडे निघतात. कॅम्पसबंदीत सुरुवातीला जरा आरडाओरडा होतो, विद्यार्थ्यांच्या पेपरात पत्रं येतात, 'आधी गाड्यांचा धूर बंद करा' हे वाक्य कुणीतरी लिहितंच, कुणीतरी मुद्दाम बोर्डाखाली उभं राहून पेटवतं आणि फोटो काढतं, आणि मग ते ओसरतं. मानसशास्त्रात जॅक ब्रेह्म यांनी १९६६ मध्ये मांडलेली कल्पना इथे लागू पडते, माणसाची एखादी मोकळीक काढून घेतली की तीच गोष्ट त्याला आधीपेक्षा जास्त हवीशी वाटते आणि तो ती करून दाखवतो. पण ही चीड टिकवायला प्रेक्षक लागतात. मिळमिळीतपणे कुणी "इथे बंद आहे हं" म्हणून पुढे निघून गेलं तर बंडखोराचा निम्मा दम तिथेच जातो. पोलीस पाठवला असता तर हीच माणसं हिरो झाली असती, म्हणून मला त्यांचा दंड न ठेवण्याचा निर्णय भाबडा वाटत नाही, उलट चलाख वाटतो.

खरी मोठी प्रतिक्रिया म्हणजे सरकणं. माणूस भांडत नाही, तो सरकतो. पार्किंगच्या इमारतीचा मागचा जिना, माल उतरवायचा धक्का, कचऱ्याच्या मोठ्या डब्यामागची जागा, दोन बिल्डिंगमधली बोळ, आणि कॅम्पसच्या कडेचा शहराचा फुटपाथ. या जागा निवडण्यात एक पक्कं लॉजिक असतं, खिडकीतून दिसायला नको, पाऊस लागायला नको, आणि परत वर्गात किंवा वॉर्डात पोचायला वेळ लागायला नको. तीन अटी पुऱ्या करणाऱ्या जागा कुठल्याही कॅम्पसवर मोजक्याच असतात, त्यामुळे सगळे स्मोकर आपोआप त्याच ठिकाणी गोळा होतात, आणि आधी जे विखुरलेले होते त्यांचा आता अड्डा होतो. संशोधक याला हॉटस्पॉट म्हणतात. एकदा अड्डा झाला की दुसरी गोष्ट होते, नवीन माणूस येतो, बघतो की इथे पाचसहा जण आरामात ओढतायत, आणि त्याला वाटतं इथे चालतं. बोर्ड काय म्हणतो त्यापेक्षा शेजारचा काय करतोय हे जास्त पटतं.

शिवाय 'मला माहीतच नव्हतं' म्हणणारा एक मोठा वर्ग असतो, आणि त्यातले सगळे काही बहाणेबाज नसतात. विद्यापीठात दर ऑगस्टला नवीन बॅच येते, हॉस्पिटलमध्ये तर रोज नवीन पेशंट आणि नातेवाईक, फुटबॉलच्या मॅचला हजारो पाहुणे. त्यातून लेक्सिंग्टनचा कॅम्पस शहराच्या मधोमध आहे, शहराचे रस्ते त्यातून जातात, कुठे विद्यापीठाची हद्द संपते आणि कुठे शहराचा फुटपाथ सुरू होतो हे रोज येणाऱ्यालाही पटकन सांगता यायचं नाही. म्हणून 'एकदा जाहीर केलं, झालं' ही कल्पनाच इथे चुकीची आहे, दरवर्षी पहिल्यापासून सांगावं लागतं.

काही जण घड्याळ बदलतात, आणि हा गट फारसा कुणाच्या नजरेत येत नाही. निकोटीन रक्तात निम्म्यावर यायला साधारण दोन तास लागतात. दिवसाला चारपाच सिगरेट ओढणाऱ्याला दोन लेक्चर सलग बसणं जड जात नाही, तो सकाळची हॉस्टेलबाहेर आणि संध्याकाळची मित्रांबरोबर ओढतो, मधली एखादी गळते, आणि गळलेली परत लागत नाही. दिवसाला पाकीटभर ओढणाऱ्याचं तसं नसतं, त्याला तास-दीड तासाने चिडचिड सुरू होते, लक्ष लागत नाही, तो निघणारच. मला या सगळ्या प्रकरणात हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो की बंदीचा फायदा सगळ्यात जास्त होतो तो अर्धवट स्मोकरला, जो अजून स्वतःला स्मोकर म्हणतही नाही, आणि बंदीचा त्रास सगळ्यात जास्त होतो तो पक्क्या स्मोकरला, आणि हे दोघं वेगवेगळी माणसं आहेत. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (सार्वजनिक आरोग्यावर सरकारतर्फे बोलणारे प्रमुख डॉक्टर) २०१२ च्या अहवालात आहे की रोज ओढणाऱ्या प्रौढांपैकी ८८ टक्क्यांनी पहिली सिगरेट १८ व्या वर्षापर्यंत ओढलेली असते आणि ९९ टक्क्यांनी २६ व्या वर्षापर्यंत. म्हणजे कॉलेजचं वय हे 'कधीमधी'चं 'रोज' होण्याचं वय. तिथे दोन वर्गांच्या मधली सिगरेट गैरसोयीची केली तर ते होणं लांबतं.

काहींनी धूर सोडून तंबाखू ठेवला. ग्रामीण केंटकीतून येणाऱ्या मुलांमध्ये ओठाखाली तंबाखूची चिमूट धरायची सवय नवीन नाही. हातात कोल्ड्रिंकची रिकामी बाटली, मधूनच तोंडाशी नेऊन त्यात थुंकायचं, लांबून बघणाऱ्याला वाटतं पितोय. नियमात हेही बंद आहे पण मागच्या बाकावर बसलेल्याला पकडणार कोण.

आणि हो, काहींनी खरंच मदत मागितली. पॉलिसी आल्यावर सोडण्यासाठी मदत घेणाऱ्यांची संख्या वाढल्याचं केंटकीच्या टीमने नोंदवलंय. हे लोक बंदीमुळे सोडायला तयार झाले असं मी म्हणणार नाही, बऱ्याच जणांच्या मनात आधीपासून असतं, त्यांना एक निमित्त आणि एक तारीख लागते, आणि तारीख विद्यापीठाने देऊन टाकली.

थोटकं मोजणारे लोक

नियम पाळला जातोय का हे कळणार कसं? सर्व्हेत विचारलं तर माणूस सोयीचं उत्तर देतो, उभं राहून बघत बसलं तर तो दुसरीकडे जातो. केंटकीच्या टीमने मग थोटकं मोजली. अक्षरशः. हॉटस्पॉट ठरवायचे, जागा झाडून साफ करायची, ठरलेल्या वेळाने परत जायचं, हातमोजे घालून थोटकं पिशवीत गोळा करायची आणि मोजायची. सिगरेटचा फिल्टर सेल्युलोज ॲसिटेटचा असतो, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिकच, पावसात विरघळत नाही, झुडपाच्या मुळाशी, फरशीच्या फटीत तसाच पडून राहतो. अर्थात या मापालाही मर्यादा आहेत, सफाईवाला मधेच झाडून गेला की आकडा कोसळतो, आणि ओठाखालच्या तंबाखूचं थोटूक नसतं.

पण या मोजणीमुळे एक गोष्ट तपासता आली. विद्यार्थ्यांना ट्रेनिंग देऊन अँबॅसिडर म्हणून हॉटस्पॉटला पाठवलं, हातात छोटी कार्डं, एका बाजूला पॉलिसी आणि दुसरीकडे मदत कुठे मिळेल ते. बोलण्याची पद्धत ठरलेली. सुरुवातीलाच "तुम्ही नियम मोडताय" नाही, आधी ओळख, मग "हे कॅम्पस तंबाखूमुक्त आहे, माहीत होतं का", मग कृपया विझवाल का, आणि शेवटी कार्ड. सोडा असं कुठेच म्हणायचं नाही, वाद घालायचा नाही, समोरचा चढला तर थँक्यू म्हणून निघायचं. अशा कार्डांच्या आणि अँबॅसिडरच्या काळात हॉटस्पॉटवरची थोटकं कमी झाली. मला यातला बारीक भाग आवडतो तो हा की स्मोकरला वाईट वागवलं गेलं नाही. सिगरेट ओढणारा माणूस आधीच हजार ठिकाणी टोमणे ऐकतो, त्याला अजून एक टोमणा मारला की तो हट्टाने पूर्ण सिगरेट संपवतो, आणि नीट विचारलं की बहुतेक वेळा "सॉरी, लक्षात नाही आलं" म्हणून बुटाखाली विझवतो. (बुटाखाली! म्हणजे मोजणाऱ्यांसाठी अजून एक थोटूक.)

याच्याच जोडीला ॲशट्रेचा घोळ. बंदी आहे तर ॲशट्रे काढायला हवेत, नाहीतर बोर्ड म्हणणार बंद आणि ॲशट्रे म्हणणार या बसा. काढले तर थोटकं जमिनीवर, सुक्या पालापाचोळ्यात, म्हणजे घाण तर आहेच वर आगीची भीती. मधला मार्ग म्हणजे हद्दीवर, आत शिरायच्या ठिकाणी ठेवायचे, 'इथे विझवून आत या' अशा अर्थाने. पण मग तिथेच अड्डा होतो आणि हद्दीबाहेरचे शेजारी बोंब मारतात की तुमची घाण आमच्या दारात. या प्रश्नाला स्वच्छ उत्तर मला कुठेच दिसलेलं नाही.

किंमत कुणी मोजली

इथे पॉलिसी लिहिणाऱ्यांचा आणि माझा थोडा मतभेद आहे. विद्यार्थ्याचा वर्ग सुटला की तो अर्धा तास मोकळा असतो, कडेपर्यंत चालत जाईल, येईल. प्राध्यापकाचा वेळ त्याच्या हातात. पण हॉस्पिटलमधला रात्रपाळीचा वॉर्ड कर्मचारी, किचनमधला माणूस, सफाईवाली बाई, यांना ब्रेक मिळतो मोजून, आणि एवढ्या मोठ्या कॅम्पसची हद्द गाठून परत येण्यात तो संपतो. अमेरिकेत सिगरेटचं प्रमाण कमी शिकलेल्या आणि कमी पगाराच्या लोकांत जास्त आहे हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे सगळ्यात जास्त तलफ असलेला माणूस तोच ज्याच्याकडे सगळ्यात कमी वेळ आहे आणि नियम मोडताना सापडला तर शिस्तीची कारवाई होऊन गदा येणार तीही त्याच्याच नोकरीवर. पोरगा सापडला तर समज देऊन सोडतील. बाईमाणसाने रात्री दोन वाजता एकटीने अंधाऱ्या कडेपर्यंत चालत जायचं हा वेगळाच प्रश्न. आणि आयसीयूबाहेर दोन दिवस बसलेला नातेवाईक, ज्याला आत्ताच डॉक्टरने काहीतरी वाईट सांगितलंय, त्याला कार्ड देऊन समजावणं हे कागदावर बरोबर असलं तरी ते द्यायला कुणाचा हात पुढे होत नाही. उपचार द्या हा भाग म्हणूनच शोभेचा असून चालत नाही. पॅच आणि गम रात्रपाळीलाही हाताशी मिळाले तरच ही बंदी त्या माणसासाठी न्यायाची होते.

मग ओढणं कमी झालं का

केंटकीच्या थोटकांवरून कॅम्पसवरचं ओढणं कळतं, एकूण ओढणं नाही. त्यासाठी शेजारच्या इंडियाना राज्यातलं उदाहरण जास्त कामाचं आहे. इंडियाना विद्यापीठाच्या ब्लूमिंग्टन कॅम्पसवर जानेवारी २००८ पासून धूम्रपानबंदी आली, त्याच राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठात तशी पूर्ण बंदी नव्हती. संशोधकांनी २००७ आणि २००९ अशा दोन वेळी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना विचारलं. इंडियानात ओढणाऱ्यांचं प्रमाण १६.५ टक्क्यांवरून १२.८ वर आलं, पर्ड्यूत ९.५ वरून १०.१ झालं, म्हणजे जवळपास होतं तिथेच. दिसायला झकास. पण नीट बघा, इंडियानाचा आकडा मुळातच पर्ड्यूपेक्षा बराच वर होता, जो वर असतो त्याला खाली यायला जागा जास्त असते, आणि एकूण दोनच विद्यापीठं. तरीही बंदीमुळे उलट वाढलं, चिडून लोक जास्त ओढायला लागले, ही जी भीती घातली जाते तिला यात काही आधार मिळत नाही, एवढं नक्की म्हणता येतं. बाकी देशात हे लोण पसरतच गेलं, कॅलिफोर्निया विद्यापीठाचे सगळे कॅम्पस २०१४ च्या सुरुवातीपासून, आणि २०१७ संपेपर्यंत अमेरिकेत असे २,००० हून जास्त कॅम्पस झाले होते.

एका बाबतीत मात्र स्मोकर लोकांचं म्हणणं ऐकायला हवं. "मोकळ्या हवेतल्या माझ्या धुराने तुला काय होतं?" २००६ च्या सर्जन जनरलच्या अहवालात दुसऱ्याच्या धुराची कुठलीच पातळी सुरक्षित नाही असं म्हटलंय, ते खरं, पण २००७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी बाहेरच्या धुराची मोजणी केली तेव्हा दिसलं की ओढणाऱ्याच्या अगदी शेजारी, हातभर अंतरावर, धूर घरातल्याइतका दाट असू शकतो, पण दोनेक मीटर लांब गेलं की तो फार उतरतो आणि सिगरेट विझली की लगेच नाहीसा होतो. म्हणजे दाराच्या गर्दीतून जाणाऱ्याला त्रास आहे, मोठ्या हिरवळीच्या पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाचा जवळजवळ कुणालाच नाही. आयुष्यभर तंबाखू कंपन्यांशी लढलेले ऑस्ट्रेलियाचे सायमन चॅपमन यांनीसुद्धा मोकळ्या जागेतल्या सरसकट बंदीच्या विरोधात लिहिलंय. माझं मत असं की पूर्ण कॅम्पसबंदीचं खरं कारण दुसऱ्याचा धूर हे नाहीच, खरं कारण आहे ओढणं डोळ्यांसमोरून हटवणं, १९ वर्षांच्या पोराला ते रोजचं आणि साधं वाटू नये म्हणून. कारण पटण्यासारखं आहे, मग तेच उघड सांगावं. धुराचं कारण पुढे केलं की स्मोकर बरोबर दोन मीटरवाला मुद्दा काढतो आणि बोर्ड लावणारा गप्प होतो.

आणि आता व्हेप. केंटकीच्या नियमात ई-सिगरेटही आत घेतली, २०१९ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत तंबाखू आणि ई-सिगरेट विकत घ्यायचं वय २१ झालं, पण पेन ड्राइव्हएवढं यंत्र बाहीत लपतं, वाफ दोन सेकंदांत विरते, वास गोड, आणि त्यासाठी कचऱ्याच्या डब्यामागे जावंच लागत नाही, लायब्ररीच्या टॉयलेटमध्ये काम होतं. म्हणजे सरकण्याची गरजच संपली. हॉटस्पॉट रिकामे दिसतील, थोटकं कमी भरतील, आणि त्यावरून पॉलिसी छान चाललीय असा अहवाल कुणी लिहिला तर त्याला आधी हे विचारावं लागेल की निकोटीनचं मोजमाप तुम्ही कशावरून केलं.